दुरंगी मनी प्लांट: वेल घरात आल्यापासून पहिल्या छाटणीपर्यंत

मनी प्लांट कसाही जगतो, असं सगळे सांगतात. साध्या हिरव्या वेलीपुरतं ते खरं आहे. पण त्याच भरवशावर पांढऱ्या नक्षीचा मार्बल क्वीन घरी येतो, कपाटाच्या डोक्यावर जाऊन बसतो, हिरव्या वेलीच्या मापाने पाणी पितो, आणि काही महिन्यांत दोनपैकी एक गोष्ट होते. पांढरे भाग कडेने तपकिरी पडत जातात, नाहीतर नवी पानं एकामागून एक हिरवीच निघतात.

दोन्हींचं मूळ एकच. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तिथे अन्न तयार होत नाही. हिरवा भाग कमावतो आणि पांढरा भाग बसून खातो. अर्ध्या पांढऱ्या पानांची वेल म्हणजे कमावते हात निम्मे आणि खाणारी तोंडं तेवढीच. अशा वेलीला उजेड जास्त लागतो, पाणी आणि खत कमी लागतं, आणि तिची वाढ हळू असते. खालचं सगळं या एका गोष्टीवरून निघतं. ती डोक्यात पक्की असेल तर आकडे विसरले तरी चालतील.

आधी वेल ओळखा

लटकत्या कुंडीत विकल्या जाणाऱ्या दुरंगी, म्हणजे व्हेरिगेटेड, वेलींमध्ये तीन वेली एकमेकींच्या नावावर खपतात.

पहिली खरी मनी प्लांट. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. मूळ घर फ्रेंच पॉलिनेशियातलं मोओरिया बेट. १८८० मध्ये तिचं नाव ‘पोथॉस ऑरियस’ असं ठेवलं गेलं, १९६४ मध्ये ती एपिप्रेम्नम या प्रजातीत गेली, पण रोपवाटिकांनी ‘पोथॉस’ काही सोडलं नाही. तिच्या प्रकारांपैकी गोल्डनवर पिवळसर शिंतोडे असतात. मार्बल क्वीनवर दुधाळ पांढरी जाळी असते. एन्जॉयची पानं लहान, त्यावर पांढरे आणि हिरवे पट्टे वेगवेगळे, जणू कात्रीने कापून चिकटवलेले. पर्ल्स अँड जेड तिच्यासारखीच, फक्त पांढऱ्या भागात हिरवे ठिपके विखुरलेले. मंजुळाचं पान रुंद आणि कडेला लाटदार.

दुसरी फिलोडेंड्रॉन ब्राझील. पान पातळ, बदामाच्या आकाराचं, मधोमध पोपटी पट्टा. शंका आली तर नवं पान पाहा. फिलोडेंड्रॉनचं नवं पान कागदासारख्या पातळ आवरणातून बाहेर येतं आणि ते आवरण नंतर वाळून गळतं. मनी प्लांटमध्ये असं वेगळं आवरण नसतं. नवं पान आधीच्या पानाच्या देठातल्या खाचेतून गुंडाळीसारखं सरकत वर येतं.

तिसरी सिंडॅप्सस पिक्टस, म्हणजे मखमली पानांवर चंदेरी ठिपके. ही दिसते दुरंगी, पण हिची गोष्टच निराळी. ते चंदेरी ठिपके म्हणजे पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली अडकलेली हवा. खाली हरितद्रव्य शाबूत असतं. म्हणून हिची नक्षी कमी उजेडातही बरीच टिकते आणि पान हिरवं पडण्याची धास्ती जवळपास नसते. खिडकी लहान असेल तर सरळ हीच आणावी.

पुढे जे सांगितलं आहे ते पांढऱ्या नक्षीच्या मनी प्लांटला धरून आहे. पाणी, माती आणि छाटणी तिघींना सारखीच लागू पडते.

कुंडी निवडताना खोड पाहा

रोपवाटिकेत हात आपोआप सगळ्यात पांढऱ्या कुंडीकडे जातो. तो आवरा. पूर्ण पांढरं पान देखणं असतं आणि वेलीला ओझं असतं. अशी पानं आधी तपकिरी पडतात आणि आधी गळतात. सलग दोन-तीन पानं पूर्ण पांढरी आली तर त्या फांदीची वाढ थांबल्यातच जमा. प्रत्येक पानात निदान अर्धा हिरवा भाग असलेली कुंडी घ्या.

पानांपेक्षाही जास्त खोड बोलतं. देठ खोडाला जिथे जोडलेला असतो ती गाठ म्हणजे पेर. तिथे खोडातून बाहेर आलेलं तपकिरी बोंड दिसेल, ते हवाई मूळ. आणि देठाच्या कुशीत बारीक फुगीर ठिपका असतो, तो डोळा. नवी फांदी फुटते ती या डोळ्यातून. आता वेल दोन बोटांत धरून हळूच फिरवा. खोडावर पांढऱ्या-हिरव्या उभ्या रेघा दिसतील. डोळा ज्या बाजूला आहे तिथून जाणारी रेघ पांढरी आणि हिरवी मिळून असेल, तर त्यातून निघणारी फांदी दुरंगी येण्याची शक्यता चांगली. डोळ्याच्या बाजूचं खोड नुसतं हिरवं असेल तर फांदी बहुतेक हिरवी, नुसतं पांढरं असेल तर पांढरी. हे पाहायला एकदा नजर बसली की छाटणी कुठे करायची हा प्रश्न अर्धा सुटतो.

याचं कारण असं की या वेलीत दोन प्रकारच्या पेशी एकत्र नांदतात, काही हरितद्रव्य बनवणाऱ्या आणि काही न बनवणाऱ्या. डोळ्यात ज्या पेशी असतील त्याच पुढच्या पानात उतरतात. ही वेल फुलतही जवळपास नाही (जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसं तयार होत नाही, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं), त्यामुळे बियांचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक नवं रोप आधीच्या रोपाचा कापलेला तुकडा असतो, आणि तुकडा जसा निवडाल तशी वेल मिळते.

घरी आणल्यावर पहिले दोन आठवडे वेल इतर झाडांपासून लांब ठेवा. किडीची अंडी आणि पिल्लं या काळात उघड होतात. कुंडी लगेच बदलू नका. जागा बदलल्याचा ताण आधी ओसरू द्या. माती चिखलासारखी ओली आणि आंबट वासाची असेल तरच घाई करायची.

उजेड, आणि कुंडी किती उंच टांगायची

भरपूर उजेड हवा, पण दुपारचं ऊन थेट अंगावर नको. पूर्वेच्या खिडकीत सकाळचं कोवळं ऊन तासभर, फार तर दोन तास चालतं. कडक उन्हाच्या खिडकीत पातळ पडदा मध्ये हवा किंवा कुंडी काचेपासून मीटरभर आत.

जागा बरोबर आहे का हे पाहायला एक सोपी चाचणी आहे. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा धारदार दिसल्या तर ऊन थेट येतंय, पांढरा भाग भाजेल. कडा मऊ पण बोटं वेगवेगळी ओळखू येत असतील तर जागा उत्तम. नुसता धूसर डाग दिसला तर उजेड कमी आहे. हिरवी वेल तिथे निभावून नेईल, ही नाही.

कमी उजेडात काय होतं? वेलीवर ज्या फांदीत हिरव्या पेशी जास्त, ती जोमाने वाढते आणि पांढरी नक्षी असलेली मागे पडते. हळूहळू सगळी वेल हिरवी दिसू लागते. नंतर उजेडात आणून ठेवली तरी हिरवं झालेलं पान पुन्हा पांढरं होत नाही. जे काय बदलेल ते पुढच्या पानात, तेही डोळ्यात पांढऱ्या पेशी उरल्या असतील तर.

आता लटकत्या वेलीची खास चूक. कुंडी छताजवळ टांगली जाते आणि वेल खिडकीसमोर लोंबत राहते. दिसायला छान. पण खिडकीचा उजेड तिच्या वरच्या चौकटीपेक्षा वर फारसा चढत नाही. म्हणजे वेलीची टोकं उजेडात आणि बुंधा अंधारात. बुंध्याजवळची पानं पिवळी होऊन गळतात, तिथले डोळे झोपलेलेच राहतात, आणि वर्षभरात वरून टक्कल पडलेली, खाली झुबका असलेली वेल उरते. कुंडीचा काठ खिडकीच्या वरच्या चौकटीच्या खाली किमान वीतभर असू द्या. मातीवर उजेड पडला पाहिजे. ही एक गोष्ट पाळली तर वेल वरपासून दाट राहते.

मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल घरात असेल तर लोंबणारी टोकं त्यांच्या हाती-तोंडी येणार नाहीत इतकी वर ठेवा किंवा छाटत राहा. या वेलीच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होते. पाळीव प्राण्याने खाल्लं तर पशुवैद्याला विचारा.

खिडकी नसेल तर साधा पांढरा एलईडी दिवा चालतो. पानांपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर, दिवसाला १२ तास, टायमर लावून. जांभळ्या दिव्याची गरज नाही. त्यात पानाचा खरा रंगही कळत नाही.

अंधाऱ्या जागेतून उजेडात हलवताना दहा-बारा दिवसांत टप्प्याटप्प्याने न्या. सावलीत वाढलेलं पान एकाच दुपारी भाजू शकतं.

पाणी

दर किती दिवसांनी पाणी द्यायचं, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि दिवसांत त्याचं उत्तर देता येत नाही. कुंडीचा आकार, माती, उजेड, ऋतू यांवर ते ठरतं. त्याच आकाराच्या हिरव्या मनी प्लांटपेक्षा दुरंगी वेल पाणी हळू संपवते, कारण तिची वाढच हळू आहे. दोन्ही शेजारी असतील तर एकाच फेरीत दोघींना पाणी घालणं ही नव्या माणसाची नेहमीची चूक.

बोट दोन पेरांपर्यंत, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर, मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या. बोट उंच टांगलेल्या कुंडीपर्यंत पोचत नसेल तर कुंडी तळातून जराशी उचलून वजनाचा अंदाज घ्या. पाणी दिल्यावर लगेच एकदा उचला, आठवड्याने एकदा उचला. चार-पाच वेळा असं केलं की हातच सांगतो. लाकडी काडीही चालते. तळापर्यंत खोचून पाच मिनिटांनी काढा. ओली, मातीचे कण चिकटलेली निघाली तर थांबा.

द्यायचं तेव्हा मात्र पोटभर. माती सगळीकडून भिजेल असं हळूहळू ओता, तळाच्या भोकातून पाणी वाहू लागेपर्यंत. दिलेल्या पाण्याचा साधारण पाचवा-सहावा हिस्सा बाहेर यावा. रोज कपभर शिंपडणं वाईट: वरचा थर ओला राहतो, खालची मुळं तहानलेली, आणि मातीत क्षार साचत जातात.

मग अर्ध्या तासाने ताटली रिकामी करा. लटकत्या कुंड्यांना बऱ्याचदा खाली ताटली पक्की बसवलेली असते आणि ती डोळ्यांच्या वर असल्यामुळे तिच्यात पाणी उभं आहे हे दिसतच नाही. शोभेच्या बिनभोकाच्या कुंडीचंही तेच. अशा कुंडीत वेल ठेवायची असेल तर आतली भोकांची कुंडी बाहेर काढून न्हाणीघरात पाणी द्या, पूर्ण निथळू द्या, मग परत ठेवा. टांगलेल्या कुंडीत जितक्या वेली सडतात त्यातल्या बऱ्याच या न दिसणाऱ्या पाण्याने सडतात.

पानं लोंबली की पाणी, हा नियमही अर्धवट आहे. पानं लोंबली आणि माती कोरडी, कुंडी हलकी: तहान आहे, पाणी द्या, काही तासांत उभी राहतील. पानं लोंबली आणि माती ओली: मुळं कुजत आहेत. इथे आणखी पाणी म्हणजे शेवट. कुंडीतून काढून मुळं पाहा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, मऊ, बोटांनी ओढलं की साल निघून आत दोऱ्यासारखी शीर राहते. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने निरोगी भागापर्यंत कापा, जुनी माती टाकून द्या, लहान कुंडीत नव्या मिश्रणात लावा. मुळं जवळपास सगळी गेली असतील तर त्यांच्या मागे न लागता वेलीचे तुकडे करून नव्याने रुजवणं शहाणपणाचं.

पानांवर पाणी फवारून दमटपणा वाढतो तो काही मिनिटांपुरता. हवा कोंदट असेल आणि थेंब तसेच राहिले तर पांढऱ्या भागावर डाग पडण्याची भीती मात्र खरी. त्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी ओल्या मऊ कापडाने पानं दोन्ही बाजूंनी पुसा. धूळ गेली की उजेड मिळतो आणि कीडही लवकर नजरेस पडते. तापमान १८ ते ३० अंश सेल्सिअस तिला मानवतं. १० अंशांच्या खाली पानं काळवंडू लागतात. एसीचा झोत थेट अंगावर नको.

माती आणि कुंडी बदलणं

ही वेल मुळात झाडांच्या खोडांना धरून चढणारी. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. नुसती बागेची माती कुंडीत दगडासारखी बसते. मगाने मोजून मिश्रण करा: ४ मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ३ मग पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), २ मग झाडाच्या सालीचे बारीक तुकडे, १ मग चाळलेलं गांडूळखत. पर्लाइट कोरडं हाताळताना तोंडावर मास्क लावा किंवा आधी पाणी शिंपडा, त्याची धूळ घशात जाते. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीन वेळा धुवा. त्यात मीठ असू शकतं आणि त्याने पांढऱ्या कडा आधी जळतात.

तळाला खड्यांचा थर घालायचा नाही. निचरा सुधारतो असं वाटतं, पण बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत सहजी उतरत नाही. ते खड्यांच्या वरच्या मातीत अडून बसतं, म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

कुंडी एक ते दोन वर्षांनी बदलायची. तळाच्या भोकातून मुळं बाहेर आली, किंवा पाणी ओतताच न मुरता खाली धावलं, की वेळ झाली समजा.

१. आदल्या दिवशी पाणी द्या. ओलसर गोळा न फुटता निघतो.

२. नवी कुंडी जुनीपेक्षा फक्त ३ ते ५ सेंटिमीटर रुंद घ्या. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती मुळं न पोचल्यामुळे दिवसेंदिवस ओली राहते.

३. लांब वेली एका सैल कापडात गुंडाळून घ्या, नाहीतर कुंडी उलटी करताना टोकं मोडतात.

४. गोळा काढून बाहेरची वेटोळी घातलेली मुळं बोटांनी सैल करा. मध्ये रोपवाटिकेची प्लास्टिकची जाळी अडकलेली असेल तर कापून काढा.

५. खोड पूर्वी जितकं मातीत होतं तितकंच ठेवा, काठाखाली २ सेंटिमीटर जागा सोडून मिश्रण भरा. दाबून ठासू नका, कुंडी दोन-तीनदा जमिनीवर आपटा.

६. पाणी द्या आणि दीड महिना खताचं नाव काढू नका.

खत एरवीही बेताचंच. वाढीच्या महिन्यांत पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ सारखं संतुलित खत, लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत. थंडीत नवी पानं थांबली की खतही थांबवा. जास्त खताने पांढरेपणा वाढत नाही; क्षार साचून पानांची टोकं मात्र करपतात. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट पापुद्रा दिसला तर कुंडीच्या मापाच्या तीन-चार पट साधं पाणी हळूहळू ओतून माती धुऊन काढा.

पांढरा भाग तपकिरी पडतोय

या वेलीची ही सगळ्यात मोठी तक्रार, आणि डाग कुठे आहे त्यावरून कारण बरंचसं कळतं. खिडकीकडच्या बाजूला, पानाच्या मधोमध, कोरडा, कागदासारखा चट्टा असेल तर ऊन लागलंय. टोकं आणि कडा कुरकुरीत असतील तर माती फार वेळ कोरडी राहिली किंवा क्षार साचले. डाग काळपट, मऊ आणि भोवती पिवळी कडा असून रोज थोडा पसरत असेल तर ओल जास्त आहे. ते पान काढा, पाणी थांबवा, हवा खेळती ठेवा. आणि बुंध्याजवळचं एखादं जुनं पान पांढऱ्या भागातून वाळत गेलं तर त्यात काही बिघडलेलं नाही. पांढरा भाग हिरव्यापेक्षा आधी थकतो. कडा कात्रीने छाटून पान ठेवलं तरी चालतं, निम्म्याहून जास्त गेलं तर देठासकट काढा.

किडींपैकी पिठ्या ढेकूण देठाच्या खाचेत आणि पेराच्या कुशीत कापसासारखा बसतो. पांढऱ्या खोडावर तो लपून जातो, म्हणून बोट फिरवून पाहा. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून एकेक टिपून काढा आणि दर पाच-सहा दिवसांनी तीन-चार वेळा पुन्हा तेच करा. एकदा करून सोडलं तर पिल्लं परत येतात. लाल कोळी पानाच्या पाठीवर असतो आणि बारीक जाळं विणतो. नळाखाली पानांच्या पाठी धुणं हा पहिला उपाय. फुलकिडे मात्र चकवतात. ते पान खरवडतात त्याने चंदेरी ओरखडे उठतात आणि दुरंगी पानावर ते नक्षीच वाटतात. ओरखड्यांजवळ काळे बारीक ठिपके दिसले तर ती नक्षी नव्हे, किडीची विष्ठा आहे.

फवारायचं तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिलिलिटर सौम्य द्रवसाबण, नीट घुसळून, संध्याकाळी. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा. पांढरा भाग नाजूक असतो, तो आधी भाजतो.

छाटणी आणि नवे तुकडे

लोंबणाऱ्या वेलीची पानं पुढे पुढे लहान होत जातात आणि दोन पेरांमधलं अंतर वाढतं. खांबावर चढवली तर तीच वेल मोठी पानं काढते. आधाराविना लोंबताना ती असं वागणारच. त्यामुळे वेल मीटर-दीड मीटरची झाली की छाटायला कचरू नका. शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा गेला की कापाच्या मागचा एखादा डोळा, कधी दोन, जागे होतात.

कात्री अल्कोहोलने पुसा. हातमोजे घाला, रसाने काहींच्या कातडीला खाज येते. वेल हिरवी पडत चालली असेल तर टोकाकडून बुंध्याकडे या आणि शेवटचं चांगलं दुरंगी पान जिथे आहे ते पेर शोधा. खोडाची रेघ पाहा, डोळ्याच्या बाजूला दोन्ही रंग आहेत ना. त्या पेराच्या पुढे सेंटिमीटरभर खोड ठेवून कापा. सलग पांढरी पानं येत असतील तरी हेच करा, फक्त हिरवा रंग जास्त असलेलं पेर निवडा. इथे जीव वर-खाली होतो, कारण कापून टाकायची ती पानं सगळ्यात सुंदर असतात.

कापलेल्या वेलीचे एक किंवा दोन पेरांचे तुकडे करा, प्रत्येकावर एक तरी पान हवं आणि त्यात हिरवा भाग निम्मा तरी हवा. पेराशिवाय नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर त्याला मुळं फुटतातही, महिनोन्महिने ताजंही राहतं, पण डोळा नसल्यामुळे त्यातून वेल कधीच होत नाही. स्वच्छ पेल्यात पेर पाण्याखाली आणि पान वर, असं ठेवा. भरपूर उजेड, ऊन नको. पाणी तीन-चार दिवसांनी बदला. उबदार दिवसांत दोन आठवड्यांत मुळं दिसू लागतात. फार पांढऱ्या तुकड्यांना याच्या दुप्पट वेळ लागतो आणि त्यातले काही कुजतात, तेव्हा दोन-तीन जास्तीचे ठेवा.

मुळं ४-५ सेंटिमीटर झाली की मातीत हलवा. पाण्यात आणखी ठेवत गेलात तर मातीत रुळायला तितकाच त्रास. तुकडे वेगळ्या कुंडीत न लावता मूळ कुंडीतच, बुंध्याभोवतीच्या रिकाम्या जागेत लावा. विरळ झालेली कुंडी भरून येते. वरून टक्कल पडलेल्या वेलीला आणखी एक इलाज आहे: लांब वेल न कापता उचलून मातीवर गोल वेटोळं घाला आणि पेरं मातीला टेकतील अशी केसांच्या आकड्याने किंवा वाकवलेल्या तारेने टोचून बसवा. हवाई मुळं मातीत शिरतात, काही आठवड्यांत पेरं धरतात आणि वर उजेड असेल तर तिथले डोळे फुटतात. तार पेराच्या बाजूला टोचायची, पेरावर नाही.

नव्या तुकड्यांना पहिले दोन आठवडे माती नेहमीपेक्षा जरा ओलसर ठेवा, कारण पाण्यातली मुळं कोरडेपणाला सरावलेली नसतात. मग हळूहळू एरवीच्या मापावर या. नवं पान पूर्ण उलगडल्यानंतर महिनाभराने पहिलं खत, तेही लिटरला अर्धा ग्रॅम.